स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते की तिच्या पोटी एक मोठा तात्त्विक सिद्धान्त दडलेला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. सासू सुनेविषयी ती म्हणते, सून सासूविषयी म्हणते. वर्गशिक्षक एखाद्या मुलाविषयी हताश होऊन म्हणतात. आणि कित्येकदा माणूस स्वतःविषयीही म्हणतो, ‘काय करणार, फादर, माझा स्वभावच तापट!’ या शेवटच्या वाक्यात कबुली किती आणि समर्थन किती, हे बोलणाऱ्यालाही नेमके सांगता येणार नाही.

अलीकडे या जुन्या म्हणीला शास्त्राचा नवा पोशाख चढला आहे. शाळेतील समुपदेशनात, नोकरीच्या निवडीत, तरुणांच्या शिबिरांत आणि आता तर हातातल्या मोबाइलवरही व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेतल्या जातात. वीस-पंचवीस मिनिटांत प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि आपण अमुक ‘प्रकारा’चे आहोत, असा निकाल घेऊन बाहेर पडावे. आमच्या खानदेशातही जळगाव-धुळ्याची मुले पुण्या-मुंबईला नोकरीसाठी जातात आणि सुटीत घरी आली की आईवडिलांना सांगतात, ‘मी अंतर्मुख प्रकारातला आहे, मला पाहुण्यांत बसवू नका.’ आईवडील हसतात. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाचा प्रकार जर ठरलेलाच असेल, तर त्याच्या वागण्याचा दोष त्याला कितपत द्यावा? आणि दोष देता येत नसेल, तर त्याच्याकडून चांगुलपणाची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी? या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चार, सोळा आणि नऊ

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस आजची नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यांनी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेला अनुसरून शरीरातील चार द्रवांशी मनाची ठेवण जोडली. रक्ताचा जोर असलेला माणूस आनंदी व उत्साही, पिवळ्या पित्ताचा तापट, काळ्या पित्ताचा खिन्न व चिंतनशील, आणि कफाचा शांत व संथ. ही चौकट युरोपात शतकानुशतके टिकली. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या जुन्या कॅथलिक पुस्तकांतही हे चार स्वभाव हमखास भेटतात.

आपल्याकडे वात, पित्त आणि कफ या प्रकृती तर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून सूक्ष्म असे मनाचे वर्गीकरण आहे, ते फारसे कुणी वाचत नाही. तेथे सात्त्विक मनाचे सात, राजस मनाचे सहा आणि तामस मनाचे तीन असे एकूण सोळा प्रकार सांगितले आहेत. कोणी शुचिर्भूत व सत्यनिष्ठ, कोणी शूर पण निर्दय, कोणी केवळ खाण्यापुरता जगणारा. विशेष म्हणजे हे सोळा प्रकार सांगणारा ग्रंथकार तेथेच बजावतो की कमी-अधिक प्रमाणाचा विचार केला तर या प्रत्येकाचे भेद मोजता येण्यासारखे नाहीत. सोळा घरे त्याने समजण्याच्या सोयीसाठी आखली. माणसे त्यांत कोंडण्यासाठी नव्हे.

विसाव्या शतकात या हौसेला मानसशास्त्राचे अधिष्ठान मिळाले. स्विस मनोवैद्य कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. ज्याच्या मनाचा ओघ बाहेरच्या जगाकडे तो बहिर्मुख, आणि ज्याचा आत स्वतःकडे तो अंतर्मुख, हे आज सर्वांच्या तोंडी असलेले शब्द त्या ग्रंथामुळे रूढ झाले. त्याला त्यांनी विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा या चार शक्तींची जोड दिली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी युंग यांच्या कल्पनांवरून एक प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी एकीचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रथमच कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांना आपापल्या स्वभावाला मानवेल असे काम मिळावे, अशी इसाबेलबाईंची इच्छा होती. चार जोड्यांतून त्यांनीही सोळाच प्रकार काढले. चरकांच्या सोळांशी या सोळांचा काही संबंध नाही; पण हा योगायोग गमतीचा आहे खरा. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला इसाबेलबाईंनी दिलेले नाव संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील बाराव्या अध्यायावरून घेतले होते. आपल्याला लाभलेली कृपादाने निरनिराळी आहेत, असे प्रेषित तेथे सांगतो.

तिसरी पद्धत नऊ प्रकारांची, ‘एनिअग्राम’ नावाची. १९७० नंतर ती अमेरिकेतील जेझुइटांच्या वर्तुळातून पसरत जगभरच्या ध्यानमंदिरांत पोहोचली. तिच्याबद्दल ख्रिस्तसभेने सावध भूमिका घेतली. २००३ मध्ये व्हॅटिकनने ‘न्यू एज’ विचारसरणीवर प्रसिद्ध केलेल्या चिंतनात, आध्यात्मिक वाढीचे साधन म्हणून ही पद्धत वापरली तर श्रद्धेच्या बाबतीत संदिग्धता निर्माण होते, असा इशारा दिला आहे.

शास्त्र काय सांगते?

या प्रकारांना शास्त्राचा आधार किती? प्रामाणिक उत्तर असे की लोक समजतात त्याहून बराच कमी.

१९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती ‘त्याचे’ व्यक्तिचित्र दिले. ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण द्यावयाचे होते. विद्यार्थ्यांनी सरासरीने चारांहून अधिक गुण दिले. मग उघड झाले की सर्वांना एकच मजकूर मिळाला होता, आणि तोही बव्हंशी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ असे म्हटले की कोण नाही म्हणेल? भविष्य सांगणारा पोपटवालाही याच भांडवलावर धंदा करतो.

दुसरी अडचण अशी की, मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सोडवली तर पुष्कळ लोकांचा प्रकार बदललेला आढळतो. याचे कारण समजण्यास सोपे आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी माणसांची दोन गावे नाहीत. उंचीप्रमाणेच ही एक सलग पट्टी आहे आणि बहुसंख्य माणसे तिच्या मध्यावर उभी असतात. मध्यावर रेघ मारून ‘इकडचे उंच, तिकडचे ठेंगू’ म्हटले तर रेघेजवळची माणसे आज इकडे, उद्या तिकडे जाणारच. म्हणून आजचे बहुतेक संशोधक ‘प्रकार’ हा शब्द टाळतात आणि पाच गुणविशेषांची कमी-अधिक मात्रा मोजतात. नावीन्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच. ‘तरतमभावा’ने भेद अगणित होतात, हे चरकसंहितेचे म्हणणे येथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटते.

अभ्यासाचे आणखी तीन निष्कर्ष आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की माणसामाणसांतील स्वभावभेदांचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. म्हणजे म्हणीत तथ्य आहे. ती निराधार नाही. दुसरे असे की वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवून दिल्याप्रमाणे माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावाइतकेच प्रसंगावरही अवलंबून असते. वर्गात मुका असणारा मुलगा क्रिकेटच्या मैदानावर ओरडून सगळ्यांना कामाला लावतो. आणि तिसरे, तरुणपणापासून मध्यमवयापर्यंत माणसे सरासरीने अधिक जबाबदार, अधिक मिळतीजुळती आणि कमी चिडखोर होत जातात. तेव्हा स्वभावाला औषध नसले तरी त्याला वय आहे, परिस्थिती आहे आणि शिकवणही आहे, एवढे तरी शास्त्र मान्य करते.

मग हे प्रकार अगदीच टाकाऊ का? आम्हांस तसे वाटत नाही. कमी बोलणारा नवरा आणि बोलकी बायको यांच्या संसारात, ‘हा माझ्यावर रुसलेला नाही, याला शांत बसूनच विश्रांती मिळते’ एवढे जरी पत्नीला उमगले, आणि ‘हिला बोलल्यावाचून मोकळे वाटत नाही’ एवढे पतीला उमगले, तरी निम्मी भांडणे मिटतात. दुसऱ्याचा वेगळेपणा हा दोष नव्हे, हे शिकविण्याचे काम ही वर्गीकरणे बरे करतात. शेतातील मातीचे परीक्षण केल्याने जसे काय कमी, काय जास्त हे कळते, तसेच हे. पण त्या अहवालात पीक लिहिलेले नसते.

धुळ्याच्या तुरुंगातील रविवार

माती कशी आहे हे कळल्यावर तिचे करायचे काय, या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर आमच्याच खानदेशात दिले गेले आहे. १९३२ साली, सविनय कायदेभंगाच्या काळात, विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अठरा रविवारी त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर मराठीत प्रवचन केले. श्रोत्यांत जमनालाल बजाजांसारखे उद्योगपती होते. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते, आणि ती प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ या नावाने उपलब्ध असलेला ग्रंथ त्यातून जन्मला.

चौदावा अध्याय सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांचा. त्यावरील प्रवचन २२ मे रोजी झाले. खानदेशचा मे महिना, आणि तोही तुरुंगातला. आळस व चिडचिड या दोहोंचेही प्रात्यक्षिक तेथे रोज घडत असणार! अशा ठिकाणी ‘हा तामसी, तो राजसी’ अशी वाटणी करून देणे अगदी सोपे होते. विनोबांनी तसे केले नाही. तिन्ही गुण प्रत्येकातच आहेत असे धरून त्यांनी प्रत्येकावर उपाय सांगितला. तमोगुणाचे लक्षण आळस. त्यावर उपाय शरीरश्रम. रजोगुणाचे लक्षण नाना कामांमागे धावत सुटणे. त्यावर उपाय म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या कर्तव्याची मर्यादा पाळणे. आणि सत्त्वगुण? तोही बाधतो, कारण चांगल्या माणसाला आपल्या चांगुलपणाचा अभिमान चिकटतो. तोही जिंकावा लागतो. आमची श्रद्धा आणि गीतेचे तत्त्वज्ञान एक नव्हे, हे खरेच. परंतु निदान सांगून न थांबता त्यापुढे उपचार लिहिणाऱ्या या पद्धतीकडून कोणाही धर्मशिक्षकाला शिकण्यासारखे आहे.

याच धुळे शहरात, शंकर श्रीकृष्ण देव यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात, रामदासी परंपरेची जुनी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. रामदासांच्या दासबोधाचा दुसरा दशक म्हणजे माणसांच्या लक्षणांची एक मोठी यादीच आहे. तो मूर्खाच्या लक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या, म्हणजे शिकूनसवरून मूर्ख राहिलेल्या माणसाच्या लक्षणांनी संपतो. ती यादी वाचताना शेजाऱ्याचे नाव आठवणे हा वाचकाचा पहिला मोह असतो. रामदासांचा हेतू मात्र वेगळा आहे: ही लक्षणे ऐकून ती आपल्यातून काढून टाकावीत. पढतमूर्खाचा समास तर धर्मगुरूंनी वर्षातून एकदा तरी स्वतःसमोर आरसा धरावा तसा वाचावा.

शिक्क्याचा इतिहास

आरसा स्वतःकडे धरण्याऐवजी शिक्का करून दुसऱ्याच्या कपाळावर मारला म्हणजे काय होते, याचाही धडा खानदेशच्या इतिहासात आहे. १८१८ मध्ये हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्ल हे लुटारूच, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. दुष्काळ, सैन्यांची लूट आणि रखवालीचे हिरावलेले वंशपरंपरागत हक्क यांनी या माणसांना कोठे आणून सोडले होते, याचा विचार न करता प्रथम फौजा धाडल्या गेल्या. त्यांनी काही साधले नाही. मग १८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, जेम्स औट्रम नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारली. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यावर विश्वास टाकला. काल जे ‘स्वभावाने लुटारू’ होते, तेच आज त्याच प्रदेशाचे रखवालदार झाले. साम्राज्याची सोय पाहणाऱ्या या उपक्रमाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ‘स्वभाव’ म्हणून जे दाखवले जात होते त्यातील किती भाग भुकेचा आणि अविश्वासाचा होता, हे त्याने उघड केले.

दुर्दैवाने राज्यकर्ते यातून शिकले नाहीत. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला, पुढे तो देशभर विस्तारला, आणि पारध्यांसारख्या कित्येक समाजांतील माणसे कोणताही गुन्हा सिद्ध न होता जन्मानेच गुन्हेगार ठरली. पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडण्यास परवानगी, तारेच्या कुंपणातील वसाहती. पाळण्यातील मुलाचाही ‘प्रकार’ सरकारने ठरवून टाकला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला. लोकांच्या मनातला पुसला गेला का, हे गावात चोरी झाल्यावर पहिला संशय कुणावर घेतला जातो यावरून ज्याने त्याने पाहावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या आपल्या जातिभेद निर्मूलनावरील प्रसिद्ध ग्रंथात या प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. गुणांवरून समाजाचे चार वर्ण करावेत, या कल्पनेचे साम्य त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या तीन वर्गांशी दाखवले आणि विचारले की माणसांची अशी मोजक्या खणांत वाटणी होऊ शकते कशी? प्रत्येक व्यक्ती ही इतरांहून निराळी आहे आणि एकाच माणसात नाना प्रवृत्ती नांदतात. खण पाडणाऱ्याला हे दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांनी ‘तुमची जातच अशी’ हा शिक्का पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. त्यांच्या वंशजांना हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही.

गरज आहे ती हे पाहण्याची की तोच शिक्का आज आपल्या घरातही लहान आकारात तयार होतो. ‘थोरला हुशार, धाकटा खोडकर’ असे पाहुण्यांसमोर दहा वेळा म्हटले की धाकटा अकराव्या वेळी खोडी काढतोच. कारण त्याच्यासाठी दुसरी भूमिका शिल्लक राहिलेली नसते. चाचणीचा कागद हाती घेऊन ‘हा मुलगा लोकांत मिसळणारा नाही, याला शिक्षक करू नका’ असे आईवडिलांनी पंधराव्या वर्षीच ठरवून टाकणे हेही त्याच जातीचे. युंग यांनी स्वतः, आपल्या वर्गीकरणाचा उपयोग माणसांना लेबले चिकटवण्यासाठी होऊ लागलेला पाहून नाराजी व्यक्त केली होती.

कल आणि कृती

दुसऱ्यावर शिक्का मारणे ही एक बाजू झाली. स्वतःवर शिक्का मारून घेऊन त्याआड लपणे ही दुसरी, आणि नीतीच्या दृष्टीने ती अधिक फसवी आहे.

एक उदाहरण घ्यावे, जे कोणत्याही एका घराचे नाही आणि दुर्दैवाने पुष्कळ घरांचे आहे. पती रागाच्या भरात पत्नीवर हात उगारतो. वडीलधारी मंडळी तिला समजावतात, ‘अगं, त्याचा स्वभावच तसा आहे, मनाने वाईट नाही, तू सांभाळून घे.’ येथे ‘स्वभाव’ हा शब्द काय करतो ते पाहावे. तो पुरुषाला मोकळे सोडतो आणि स्त्रीला बांधतो. त्याचा स्वभाव बदलता न येणारा, आणि तिचा मात्र हवा तसा वाकवता येणारा, असे गृहीत धरले जाते. शिवाय हाच गृहस्थ कारखान्यात साहेबाने चारचौघांत अपमान केला तर मान खाली घालून ऐकून घेतो. तेथे त्याचा तापट स्वभाव त्याला अनावर होत नाही. ज्या रागाला कोणावर निघायचे आणि कोणावर नाही हे नेमके कळते, त्या रागाला अनावर म्हणता येईल का? हात उगारणे हा स्वभाव नव्हे, ती कृती आहे. आणि तिचे उत्तर देण्याची जबाबदारी करणाऱ्याचीच आहे. अशा भगिनीला ‘सांभाळून घे’ असे सांगणे हा ख्रिस्ती उपदेश नव्हे. तिला आधी सुरक्षितता मिळाली पाहिजे. पतीच्या स्वभावाची चर्चा त्यानंतर.

सेमिनरीत संत थॉमस अक्विनस शिकताना हा भेद आमच्या हाती आला. शरीराच्या जन्मजात ठेवणीमुळे कोणी सौम्यतेकडे, कोणी संयमाकडे कललेला असतो, हे थॉमस मोकळेपणाने मान्य करतात. पण हा कल म्हणजे सद्गुण नव्हे. सद्गुण ही कृतींच्या पुनरावृत्तीतून मनाला लागलेली स्थिर सवय असते. म्हणून जन्मतःच शांत असलेल्या माणसाने आपल्या शांतपणाची फार फुशारकी मारू नये. त्याला ते उतारावर मिळाले आहे. आणि तापट माणसाने दहा वेळा ओठ आवळून धरले असतील तर जग त्याला अजून तापटच म्हणत असले तरी देवाच्या हिशेबात ते दहा वेळा जमा आहेत. संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे सौम्यतेसाठी ओळखले जातात, आणि परंपरा सांगते की ते मुळात रागीट होते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत निष्ठुर नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्पष्ट सांगतो की अज्ञान, भीती, सवय, मानसिक ओढाताण यांसारख्या कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, काही वेळा नाहीशीही होऊ शकते. ज्याला खरोखर मनाचा आजार आहे त्याला उपदेशाची नव्हे, वैद्याची गरज आहे. त्याच्या बाबतीत ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून उपचार लांबवणे हा अपराधच होय. परंतु ‘जबाबदारी कमी होते’ आणि ‘जबाबदारी नसतेच’ या दोहोंत मोठे अंतर आहे, आणि तेवढ्या अंतरात सारे नैतिक जीवन सामावते.

आधुनिक मानसशास्त्रही हल्ली याच वाटेने आले आहे. स्वभाव बदलू इच्छिणाऱ्यांवर झालेल्या अलीकडच्या अभ्यासांत आढळले की केवळ इच्छा पुरत नाही. ठरवलेल्या लहान लहान कृती आठवड्यामागून आठवडे प्रत्यक्ष केल्या तर हळूहळू फरक पडतो. लाजाळू माणसाने दररोज एका अनोळखी व्यक्तीशी दोन शब्द बोलावेत, इतक्या त्या साध्या असतात. तपश्चर्येच्या काळात आपण जे लहानसहान निश्चय करतो त्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मार्था, थॉमस आणि अंजिराचे झाड

शुभवर्तमानातही आपण ‘प्रकार’ शोधतो. मार्था कामसू, मरिया चिंतनशील. एक कृतीची प्रतिनिधी, दुसरी प्रार्थनेची. लूकच्या दहाव्या अध्यायावरून ही वाटणी पक्की झाली आहे. पण योहानाचा अकरावा अध्याय उघडावा. लाजर वारल्यावर प्रभू येतो तेव्हा घरात बसून राहते ती मरिया. उठून वाटेवर जाते, प्रभूशी पुनरुत्थानाविषयी बोलते आणि तो ख्रिस्त आहे अशी साक्ष देते ती स्वयंपाकघरातली मार्था! बाराव्या अध्यायात मार्था पुन्हा वाढप करताना दिसते. म्हणजे तिचा कल गेला नाही; पण त्या कलाने तिच्या श्रद्धेला कुंपण घातले नाही. आणि थॉमस? एका संध्याकाळच्या बोलण्यावरून आपण त्याला दोन हजार वर्षे ‘संशयी’ म्हणत आलो. प्रभूबरोबर आपणही मरायला जाऊ, असे सोबत्यांना सांगणारा तोच होता, हे मात्र आपण विसरतो. प्रभूने त्याला संशयी म्हणून वेगळे काढले नाही. आपल्या जखमा त्याच्यापुढे केल्या.

पेरणाऱ्याच्या दाखल्यातील चार जमिनी म्हणजे चार प्रकारची माणसे, असे आपण प्रवचनांत ऐकतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी पिकवणारा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बरड कसणारा, दोघेही शेतकरी हा दाखला थोडा निराळा ऐकतात. बरड ही बरडच आहे, ती काळी होणार नाही, हे पायथ्याच्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. तरी तो दगड वेचतो, बांध घालतो, काटेरी झुडपे काढतो, शेणखत टाकतो आणि त्या जमिनीला मानवेल ते पीक घेतो. केळी येत नाही म्हणून तो जमिनीला शिव्या देत बसत नाही, आणि ‘जमीनच तशी’ म्हणून ती पडीकही टाकत नाही.

तेव्हा आपल्या म्हणीचे काय करावे? ती स्वतःविषयी बोलताना आपण शक्यतो वापरू नये. दुसऱ्याविषयी वापरण्याचा मोह झालाच, तर लूकच्या तेराव्या अध्यायातील माळ्याचे स्मरण करावे. तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड तोडून टाक, असे मालकाने म्हटले तेव्हा झाडाची जातच वाईट, असे तो म्हणाला नाही. त्याने एक वर्ष मागून घेतले, आणि त्या वर्षात भोवती खणून खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. ज्याच्या स्वभावाला आपण औषध नाही म्हणतो, त्याच्याभोवती आपण शेवटचे केव्हा खणले होते, एवढा प्रश्न त्या निमित्ताने आपल्याला विचारता येईल.